सभेला न येणारे पालक

"ज्यांनी यायला हवं, ते येतच नाहीत." पालकसभा आटोपली की शिक्षकांच्या खोलीत हे वाक्य हमखास ऐकू येतं. ज्यांची मुलं वर्गात पुढे आहेत त्यांचे आईवडील वेळेवर हजर असतात, प्रश्न विचारतात, सभा संपल्यावरही बाईंना गाठून बोलतात. ज्या मुलाबद्दल खरंच काही बोलायचं असतं, त्याच्या घरून मात्र कुणीच आलेलं नसतं. हे निरीक्षण खोटं नाही. पण त्यातून जो निष्कर्ष लगेच निघतो, की या लोकांना मुलांच्या शिक्षणाची पर्वाच नाही, तो तपासून घ्यायला हवा. शाळा ज्याला पालकांचा सहभाग म्हणते त्यातला बराचसा भाग मुलाच्या शिकण्याच्या दृष्टीने बिनकामाचा आहे, आणि ज्या गोष्टीचा उपयोग होतो ती शाळा पालकांकडे सहसा मागतच नाही, असं मला पुराव्यांवरून दिसतं. हे खरं असेल तर सभेला न येणाऱ्या पालकाबद्दलची तक्रार निम्मी तरी शाळेवरच उलटते.

पालकाकडे संशयाने पाहण्याची आपली सवय जुनी आहे, आणि तिला अपवादही तितकेच जुने आहेत. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात महात्मा फुल्यांनी शेतकरी आणि मागास जातींची मुलं शाळेत का येत नाहीत याची जी कारणं सांगितली, त्यांत आईबापांच्या अज्ञानाला दोष देऊन ते थांबले नाहीत. पराकोटीचं दारिद्र्य, गुरं राखायला आणि शेतात लागणारे मुलांचे हात, ही कारणं त्यांनी मांडली. बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करावं असं ते म्हणाले, पण त्यासोबत शिष्यवृत्त्या आणि बक्षिसंही मागितली. पुढे १९११ मध्ये गोपाळ कृष्ण गोखल्यांनी सक्तीच्या शिक्षणाचं विधेयक मांडलं आणि ते नामंजूर झालं. १९१७ मध्ये राजर्षी शाहू महाराजांनी करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला. त्या काळातला रुपया म्हणजे गरिबाला चिमटा बसावा एवढी रक्कम होती. स्वतंत्र भारतात दंडाचा मार्ग हळूहळू मागे पडला. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला शिक्षणाची संधी देणं हे पालकाचं मूलभूत कर्तव्य ठरवलं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या दहाव्या कलमातही पालकाचं कर्तव्य आहे, पण ते चुकलं तर शिक्षा नाही. उलट एकविसाव्या कलमाने सरकारी आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती आणली, तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक हवेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया हव्यात, असं सांगितलं. म्हणजे शंभर वर्षांच्या आत पालक आरोपीच्या पिंजऱ्यातून उठून व्यवस्थापकाच्या खुर्चीत बसला. मुलाच्या शिकण्यातला भागीदार मात्र तो या दोन्ही ठिकाणी नव्हता.

ही खुर्ची कितपत खरी आहे, याचा एक काटेकोर अभ्यास झालेला आहे. उत्तर प्रदेशातल्या जौनपूर जिल्ह्यात 'प्रथम' या संस्थेने आणि अभिजित बॅनर्जी, रुक्मिणी बॅनर्जी, एस्थर डुफ्लो प्रभृती संशोधकांनी मिळून तो केला. २०१० मध्ये तो प्रसिद्ध झाला. त्या वेळी तिथे ग्राम शिक्षण समित्या होत्या, आपल्याकडेही नवा कायदा येण्याआधी त्याच नावाच्या समित्या असत. पाहणीत दिसलं की दहांतल्या नऊहून अधिक पालकांना गावात अशी समिती आहे हेच माहीत नव्हतं. याहून मासलेवाईक म्हणजे, समितीच्या सदस्यांपैकीही जवळजवळ एक चतुर्थांश जणांना आपण सदस्य आहोत याचा पत्ता नव्हता. मग चिठ्ठ्या टाकून गावं वेगवेगळ्या गटांत वाटली. काही गावांत सभा घेऊन समितीचे अधिकार समजावून सांगितले. काही गावांत त्याखेरीज गावकऱ्यांनाच मुलांची साधी चाचणी घ्यायला शिकवलं आणि गावाचं प्रगतिपत्रक बनवून घेतलं. तिसऱ्या गटात याच्याही पुढे जाऊन गावातल्या तरुण स्वयंसेवकांना मुलांना वाचायला शिकवण्याची पद्धत दाखवली. पहिल्या दोन गटांत शाळेवर, शिक्षकांच्या हजेरीवर, मुलांच्या वाचनावर, कशावरच परिणाम दिसला नाही. तिसऱ्या गटात स्वयंसेवकांच्या वर्गाला जी मुलं गेली ती वाचायला लागली. लोक मुलांसाठी वेळ द्यायला तयार होते, पण समितीमार्फत शाळेवर दबाव आणायला तयार नव्हते. मला यात लोकांचं शहाणपणच दिसतं. ज्याची नेमणूक, बदली आणि पगार यांतलं काहीच आपल्या हातात नाही, त्या माणसाला जाब विचारून गावात वैर घेण्यात कुठल्या शेतमजुराला रस असेल?

उत्तर प्रदेश म्हणजे महाराष्ट्र नव्हे, असं यावर कुणी म्हणेल. म्हणणं रास्त आहे. आपल्याकडे शाळेच्या खोल्या, तारेचं कुंपण, संगणक यांसाठी लोकवर्गणी उभी करणाऱ्या समित्या आहेत. चांगला मुख्याध्यापक भेटला की गाव शाळेसाठी धावतं, हे अनेक जिल्हा परिषद शाळांत दिसलेलं आहे. पण त्या उदाहरणांकडेही नीट पाहिलं तर गाव तिथे हिशेब घ्यायला जमलेलं नसतं, काही नेमकं काम करायला जमलेलं असतं. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांच्या मुलांसाठीची हंगामी वसतिगृहं अनेक ठिकाणी शाळा व्यवस्थापन समितीमार्फतच चालवली जातात. त्यांच्या अंमलबजावणीबद्दल तक्रारी आहेत, तरी मूल गावात राहतं का आणि त्याला दोन वेळ जेवायला मिळतं का, हे कुठल्याही आजीला स्वतःच्या डोळ्यांनी पडताळता येतं. कागदावरच्या अधिकाराला असा डोळ्यांना दिसणारा पाया नसला, की मासिक सभेचं इतिवृत्त आणि खालच्या सह्या एवढंच उरतं. (खासगी विनाअनुदानित शाळांची तऱ्हा वेगळी. तिथे शुल्क नियमनाचा राज्याचा २०११ चा कायदा आहे, त्यात पालक-शिक्षक संघाला फीच्या प्रस्तावात वाटा आहे, आणि पालकांची बहुतेक शक्ती तिथेच खर्ची पडते. फी भरणारा पालक म्हणून त्यांचं ते वागणं समजण्यासारखं आहे. शिकण्याशी त्याचा संबंध लांबचा.)

मग गाडी नेमकी कुठे अडते? मला वाटतं, मूल कुठे आहे हे घराला माहीतच नसतं, तिथे. प्राथमिक शाळेचं प्रगतिपुस्तक उघडून पाहावं. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आल्यापासून त्यात गुणांऐवजी श्रेणी असतात: अ-१, अ-२, ब-१ अशा खाली उतरत जाणाऱ्या. शेजारी वर्णनात्मक नोंदी असतात. 'उपक्रमात आनंदाने सहभागी होतो.' 'अक्षर सुधारण्यास वाव आहे.' 'स्वाध्याय नियमित पूर्ण करावा.' खाली पालकाच्या सहीची जागा. चौथी शिकलेल्या आईने, किंवा अगदी पदवीधर बापाने, या पानावरून आपला तिसरीतला मुलगा चार ओळींचा परिच्छेद वाचू शकतो की नाही ते सांगून दाखवावं. सांगता येणार नाही, कारण ते त्या पानावर नसतंच. मूल रोज शाळेत जातं, वही भरलेली दिसते, फळ्यावरचं सुबक उतरवून आणलेलं असतं, श्रेणी ब-१ आहे. आई समाधानाने सही करते. घरोघर जाऊन मुलांचं वाचन तपासणाऱ्या 'असर' या पाहणीच्या २०२२ च्या अहवालात ग्रामीण महाराष्ट्रातल्या तिसरीच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी मुलं चौथ्या हिश्शाच्या आसपासच निघाली. उरलेल्या तीन हिश्शांच्या घरी आलेल्या प्रगतिपुस्तकांत ही गोष्ट इतक्या उघड शब्दांत लिहिलेली होती, असं मला वाटत नाही. जौनपूरच्या अभ्यासातही पालकांच्या मनातली मुलांची पातळी खऱ्या पातळीपेक्षा वरची निघाली होती. आफ्रिकेतल्या मलावी देशात रिबेका डायझन-रॉस यांनी पालकांना मुलांचे खरे गुण समजतील अशा पद्धतीने सांगितले, तेव्हा पालकांनी मुलांच्या शिक्षणावरचा खर्च आणि निर्णय त्याप्रमाणे बदलले. आधी बदलले नव्हते, कारण आधी त्यांना चुकीचं ठाऊक होतं.

याच्या अगदी उलट चित्र असरच्या चाचणीत दिसतं. 'प्रथम'च्या पुढाकाराने २००५ पासून होणारी ही पाहणी शाळेत न होता घरी होते. स्वयंसेवक ओट्यावर किंवा पडवीत बसतो आणि एक कागद पुढे करतो. त्यावर एका भागात सुटी अक्षरं, एका भागात सोपे शब्द, मग पहिलीच्या पातळीचा चार वाक्यांचा उतारा आणि दुसरीच्या पातळीची एक छोटी गोष्ट. मूल वाचायला लागतं, अडखळतं, शब्दांकडून अक्षरांकडे उतरतं. भोवती आई, आजी, शेजारपाजारची मुलं जमलेली असतात. आईला वाचता येत नसलं तरी मूल वाचतंय की अंदाजाने बोलतंय, हे तिला कळतं. गोष्ट सलग आली की तुटत तुटत आली, हे कानाला कळायला साक्षर असावं लागत नाही. वर्षभराच्या चार पालकसभांतून जे सांगितलं जात नाही, ते काही मिनिटांत उघडं पडतं. शिक्षण हक्क कायद्याच्या चोविसाव्या कलमात शिक्षकाच्या कर्तव्यांत हेच लिहिलं आहे: पालकांच्या नियमित सभा घ्याव्यात आणि त्यांना मुलाची उपस्थिती, शिकण्याची क्षमता आणि शिकण्यातली प्रगती सांगावी. प्रत्यक्ष सभेत सांगितलं जातं ते गणवेशाचं, आधार कार्डाचं, बँक खात्याचं आणि स्नेहसंमेलनाचं.

नुसती माहिती दिल्याने काय साधतं, हा पुढचा रास्त प्रश्न. जौनपूरच्या दुसऱ्या गटात माहिती दिलीच होती आणि काही झालं नाही. पण पाकिस्तानातल्या पंजाबमधल्या ११२ गावांत ताहिर अंद्राबी, जिष्णू दास आणि असीम ख्वाजा यांनी जो प्रयोग केला त्याचा निकाल निराळा लागला. तिथे निम्म्या गावांत प्रत्येक पालकाला स्वतःच्या मुलाचे गुण, त्याच्या शाळेची सरासरी आणि गावातल्या इतर शाळांची सरासरी असं कार्ड दिलं आणि बसवून समजावलं. वर्षभरात त्या गावांतल्या मुलांचे गुण वाढले आणि खासगी शाळांची फी उतरली. फरक कशाने पडला असेल? त्या गावांत एकापेक्षा जास्त शाळा होत्या, पालकाला माहितीचा वापर करता येत होता, आणि शाळांना त्याची जाणीव होती. जौनपूरमध्ये हाती माहिती आली, पण तिचं करायचं काय, हे कुणी सांगितलं नाही. समितीचा जो रस्ता दाखवला तो बंद गल्लीचा निघाला. तेव्हा खऱ्या माहितीच्या जोडीला, पालकाच्या आवाक्यातलं काहीतरी करण्याजोगं द्यावं लागतं. आपल्या खेड्यांत गावागणिक चार शाळांची स्पर्धा शक्य नाही, आणि मला ती फारशी हवीशीही वाटत नाही. म्हणून करण्याजोगं जे काही असेल ते घरातच शोधावं लागतं.

आणि घर म्हटलं की शाळेला एकच गोष्ट सुचते: गृहपाठ करून घ्या. इथे पुरावा फार स्पष्ट आहे आणि तो बहुतेकांच्या समजुतीविरुद्ध जातो. अमेरिकेतल्या माध्यमिक वयाच्या मुलांवरचे अनेक अभ्यास एकत्र करून नॅन्सी हिल आणि डायाना टायसन यांनी २००९ मध्ये दाखवलं की पालकांच्या सहभागाचे बहुतेक प्रकार मुलांच्या यशाशी जोडलेले आहेत, गृहपाठातली मदत तेवढी अपवाद आहे. सर्वांत उपयोगी ठरतं ते मुलाशी शिकण्याबद्दल बोलणं, त्याच्याकडून काय अपेक्षा आहे ते त्याला कळू देणं, आजच्या अभ्यासाची उद्याच्या आयुष्याशी सांगड घालून देणं. कीथ रॉबिन्सन आणि एंजेल हॅरिस यांनी २०१४ च्या त्यांच्या पुस्तकात सहभागाचे साठाहून अधिक प्रकार तपासले. शाळेतल्या सभा-समारंभांना हजर राहणं आणि गृहपाठात मदत करणं यांतून फारसा लाभ त्यांना आढळला नाही. अर्थात अशा आकडेवारीत एक गोम असते. जे मूल मागे पडतं त्याच्याच गृहपाठात पालक जास्त लक्ष घालतात, म्हणून मदत आणि कमी गुण एकत्र दिसतात. संशोधकांनी ही गोम सोडवण्याचा प्रयत्न केला आहे, ती पूर्ण सुटली असं कुणी म्हणू नये. तरी 'गृहपाठ घ्या' हा सल्ला देऊन आपण पालकांना कामाला लावलं, असं समजणाऱ्या शाळेला या अभ्यासांत आधार सापडत नाही. शिवाय तो सल्ला ज्यांना देता येत नाही असे पालक आपल्याकडे लाखोंनी आहेत. मग ती जागा शिकवणी घेते. असरच्या आकड्यांप्रमाणे ग्रामीण भारतात पहिली ते आठवीच्या मुलांपैकी पैसे भरून शिकवणीला जाणारी मुलं २०१८ मध्ये सुमारे २६ टक्के होती, २०२२ मध्ये ती ३० टक्क्यांवर गेली. पोटाला चिमटा काढून शिकवणीचे पैसे भरणाऱ्या माणसाला उदासीन म्हणायचं असेल तर त्या शब्दाला फारसा अर्थ उरत नाही.

ज्यांना अक्षर येत नाही त्या आईबापांनी करायचं तरी काय, या प्रश्नावर आता थोडाबहुत प्रत्यक्ष अनुभव जमा झाला आहे. बिहार आणि राजस्थानात रुक्मिणी बॅनर्जी, जेम्स बेरी आणि मार्क शॉटलँड यांनी मातांबरोबर एक प्रयोग केला. काही वस्त्यांत मातांना साक्षरतेचे वर्ग, काहींत दर आठवड्याला घरी जाऊन मुलाबरोबर करायच्या कृतींचा कागद, काहींत दोन्ही. मुलांच्या गणितात सुधारणा झाली, दोन्ही एकत्र दिलेल्या ठिकाणी सर्वांत जास्त. सुधारणा छोटी होती हेही सांगायला हवं. आईला कामाला लावलं की मूल झपाट्याने पुढे जातं, असा जादूचा मंत्र यात नाही. याहून ठसठशीत निकाल महामारीच्या काळात बोट्स्वानातून आला. शाळा बंद असताना तिथल्या सुमारे साडेचार हजार कुटुंबांपैकी काहींना फोनवर गणिताच्या प्रश्नांचे संदेश पाठवले, काहींना संदेशाबरोबर आठवड्यातून एकदा फोन केला: पंधरा-वीस मिनिटं, पालक आणि मूल दोघांनाही फोनवर घेऊन, त्या मुलाच्या पातळीचं एक उदाहरण सोडवत. नुसत्या संदेशाचा परिणाम शून्याच्या जवळपास राहिला. फोन केलेल्या घरांतली मुलं मात्र शिकली, आणि आपलं मूल कोणत्या पायरीवर आहे याचा पालकांचा अंदाजही अधिक अचूक झाला. पुढे भारतासह पाच देशांत हेच करून पाहिलं, तिथेही परिणाम दिसला. संस्थेच्या कार्यकर्त्यांऐवजी सरकारी शिक्षकांनी फोन केले तरी तो कमी झाला नाही. सुविचार आणि सूचना यांनी भरून वाहणारे वर्गाचे व्हॉट्सॲप गट चालवणाऱ्यांनी संदेश आणि फोन यांच्यातला हा फरक जरा निवांतपणे वाचावा. तीस जणांना एकदम पाठवलेला संदेश कुणालाच उद्देशून नसतो.

महाराष्ट्रात या दिशेने एक पाऊल पडलेलं आहे. २०२२ पासून पहिलीत येणाऱ्या मुलांसाठी शाळापूर्व तयारीचे मेळावे भरू लागले, आणि त्यांच्या जोडीला वस्तीवस्तीत माता-पालक गट बनवले गेले. मेळाव्यात मूल निरनिराळ्या टेबलांवर काय करतं ते आईसमोरच पाहिलं जातं, आणि मग घरच्या घरी करायच्या छोट्या कृती दिल्या जातात: घरातल्या वस्तूंचे गट पाडणं, मोजणं, चित्र पाहून गोष्ट सांगणं. यात आईला शिक्षिका व्हायला सांगितलेलं नाही. भाजी निवडताना, भाकरी थापताना ती जे बोलते त्यातच थोडी भर घालायची आहे. मला या उपक्रमात आवडतं ते हे, की शाळा सुरू होण्याआधी शाळा घराकडे गेलेली असते. तिसरी-चौथीपर्यंत हाच धागा का टिकत नाही, हे कोडं नाही. तोवर मूल अभ्यासक्रमाच्या ताब्यात गेलेलं असतं आणि पालक पुन्हा सहीपुरता उरतो.

आता उदासीनतेच्या आरोपाकडे परत येऊ, कारण वरचं सगळं ऐकूनही अनुभवी शिक्षक म्हणतील, काही घरं खरोखरच बेफिकीर असतात. असतात. पण किती घरं बेफिकीर आहेत आणि किती घरांना शाळेच्या वेळा परवडत नाहीत, हे वेगळं काढल्याशिवाय आरोप करता येत नाही. पालकसभा बहुधा कामाच्या दिवशी अकराला किंवा दुपारी असते. रोजंदारीवर जाणाऱ्याला ती एक दिवसाच्या मजुरीला पडते. बीड, जालना, अहिल्यानगरच्या गावांतून दसरा-दिवाळीनंतर नवरा-बायकोचा कोयता उचल घेऊन कारखान्याच्या मुलखात निघतो तो उन्हाळ्याच्या तोंडाशीच परततो. पहाटेच्या अंधारात फड गाठायचा, वाहन भरायला रात्री-अपरात्री उठायचं, कोपीत राहायचं. या सहा महिन्यांत शाळेच्या दृष्टीने त्या मुलाचा पालक म्हणजे गावी राहिलेली आजी असते, आणि सभेची चिठ्ठी तिला वाचता येत नाही. महामारीच्या काळात असरने फोनवरून केलेल्या २०२० च्या पाहणीत देशातल्या ग्रामीण मुलांपैकी जवळजवळ तीन चतुर्थांश मुलांना घरातून अभ्यासात काही ना काही मदत मिळत होती. आईवडील दोघेही पाचवीच्या पुढे न शिकलेल्या घरांतही निम्म्याहून अधिक मुलांना मदत मिळाली, आणि तिथे बऱ्याचदा शिकवणारी मोठी बहीण किंवा भाऊ होता. पालकांचा सहभाग म्हणताना आपल्या डोळ्यांपुढे आईबापच येतात. सातवीतली ताई येत नाही, आणि तिला काही साहित्य द्यावं हेही सुचत नाही.

हे ज्यांना सुचलं होतं त्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ. १९४५ मध्ये बोर्डीला त्यांनी ग्राम बालशिक्षा केंद्राचं काम सुरू केलं, पुढे १९५७ मध्ये ते डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर गेलं. वस्तीतली मुलं बालवाडीत येत नाहीत असं दिसल्यावर त्यांनी बालवाडीच वस्तीतल्या अंगणात नेली. अंगणवाडी ही कल्पना तिथली. वारल्यांच्या पाड्यांवरच्या मोठ्या मुली शाळेत येत नव्हत्या, कारण धाकटी भावंडं त्यांच्या कडेवर होती. मग पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणून विकासवाडी उभी राहिली: कडेवरचं मूल पाळणाघरात ठेवून मुलगी शेजारच्या वर्गात बसू शकली. मुलगे गुरांमागे रानात होते, तर शिक्षक रानात गेले आणि कुरणशाळा भरली. पाड्यावरच्या आईबापांना शिक्षणाचं महत्त्व पटवणारी भाषणं देण्यापेक्षा त्यांनी आधी घरातल्या कामाची वाटणी समजून घेतली. फुल्यांनी हंटर आयोगाला जी कारणं सांगितली होती त्यांतल्या एकेका कारणावर कोसबाडला जणू एकेक उपाय शोधला गेला. शाळेने आपली वेळ आणि जागा बदलली, तेव्हा 'उदासीन' पालकांची मुलं हजर झाली. पालक तेच होते.

आणखी एक आक्षेप दुसऱ्या टोकाकडून येतो, आणि तो मला जास्त गंभीर वाटतो. पालकांना शाळेत वाव दिला की तो आधीच सुस्थितीत असलेलेच घेतात. समाजशास्त्रज्ञ ॲनेट लारो यांनी अमेरिकेतल्या कुटुंबांच्या घरी राहून केलेल्या निरीक्षणांवर २००३ मध्ये पुस्तक लिहिलं. त्यात मध्यमवर्गीय आईबाप शिक्षकांशी बरोबरीच्या नात्याने बोलतात, सवलती मागतात, मुलालाही मागायला शिकवतात. कष्टकरी आईबाप मुलावर तितकंच प्रेम करतात, पण शाळेतलं शाळेने पाहावं असं मानतात आणि शिक्षकांसमोर गप्प राहतात. आपल्याकडे यात जात आणि भाषा मिसळते. घरी भिली, कोरकू किंवा गोंडी बोलणारी आई प्रमाण मराठीत बोलणाऱ्या गुरुजींपुढे तोंड उघडत नाही, याला तिची अनास्था म्हणायचं की शाळेचा दरारा? तेव्हा आक्षेप खरा आहे: खुलं आमंत्रण दिलं की विषमता वाढते. पण यावरचा उपाय आमंत्रण बंद करणं हा नाही, ते नावानिशी देणं हा आहे. पॅरिसला लागून असलेल्या क्रेतैल भागातल्या गरीब वस्त्यांच्या माध्यमिक शाळांत मुख्याध्यापकांनी सहावीच्या पालकांसाठी मोजक्या बैठका घेतल्या: शाळा कशी चालते, घरून काय करता येतं, एवढ्याच विषयांवर. त्या मुलांच्या दांड्या कमी झाल्या, वागणूक सुधारली, आणि ज्यांचे पालक बैठकांना आलेच नव्हते अशा वर्गमित्रांतही हा बदल उतरला. गुणांत मात्र फारसा फरक पडला नाही. निमंत्रण नेमकं असलं तर त्याचा लाभ आलेल्यांपुरता राहत नाही, एवढं यातून धरून चालायला हरकत नाही.

शेवटचा आक्षेप राजकीय आहे: घराने हे करावं, आईने ते करावं म्हणता म्हणता शासन आपली जबाबदारी गरिबांच्या गळ्यात टाकतं, आणि उद्या मूल वाचायला शिकलं नाही तर दोष पुन्हा आईचाच ठरतो. ही भीती काल्पनिक नाही. शंभर वर्षांपूर्वीचा एक रुपया दंड वेगळ्या रूपात परत येऊ शकतो. म्हणूनच वरच्या पुराव्यातली एक गोष्ट नजरेआड होऊ नये. जिथे जिथे काही साधलं तिथे पहिली हालचाल शाळेने किंवा शाळेच्या वतीने कुणी तरी केली होती: फोन त्यांनी केला, दारात ते गेले, कृतीचा कागद त्यांनी दिला. पालकाला जास्त काम देऊन शिक्षकाचं काम कमी होत नाही, उलट सुरुवातीला वाढतं. तीस मुलांच्या वर्गात प्रत्येक घराशी महिन्यातून एकदा दहा मिनिटं बोलायचं, मूल आज काय वाचतं आणि पुढचा महिनाभर घरी कुठली एक गोष्ट करायची एवढंच सांगायचं, तर महिन्याला पाच तास लागतात. दोन शिक्षकांवर चार वर्ग चालणाऱ्या शाळेत मुलं सहसा कमी असतात, तिथे हे तासही कमी होतील. जनगणना, निवडणूक आणि आपत्ती निवारण ही कामं कायद्यानेच शिक्षकांवर ठेवली आहेत, ती टळणार नाहीत. ऑनलाइन भरायची माहिती, अपलोड करायचे फोटो, एकाच आकड्याचे चार नमुन्यांतले अहवाल यांना मात्र कायद्याचा असा आधार नाही, आणि ते कमी करणं पालकांच्या हातात नाही, शिक्षकांच्याही नाही. ते शिक्षण विभागाच्या हातात आहे. चोविसाव्या कलमातलं कर्तव्य शिक्षकाकडून खरोखर करवून घ्यायचं असेल, तर महिन्याचे हे पाच तास विभागाने वेळापत्रकात लिहून द्यावे लागतील, संध्याकाळी मजूर घरी परततात त्या वेळेचे, आणि तेवढ्या वेळाचे अहवाल यादीतून खोडावे लागतील.